एच-वन-बी व्हिसावर आहे, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात दारोदार फिरता येईल का?

हो, बिनधास्त फिरा, फक्त त्याचा एक पैसाही घ्यायचा नाही. फेडरल इलेक्शन कमिशनच्या नियमात स्पष्ट आहे की परदेशी नागरिक बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून उमेदवाराचं काम करू शकतो, पण देणगी देऊ शकत नाही (ग्रीन कार्डवाल्यांना तीही चालते) आणि इथेच लोक फसतात, कारण कॅम्पेनच्या दुकानातून टीशर्ट किंवा टोपी विकत घेतली तरी ती देणगीच धरतात, म्हणजे फुकट वाटलेला स्टिकर लावा आणि गप्प बसा. बाकी काम सोपं आहे, फोनवर घरांची यादी येते, बेल वाजवायची, दार उघडलं तर बोलायचं (बरेचदा उघडत नाहीच) आणि उत्तर ॲपमध्ये टिक करायचं. पत्रक दाराच्या कडीला अडकवा किंवा फटीत खोचा, टपालपेटीत अजिबात टाकू नका, तिकीट न लावलेला कागद तिथे टाकणं फेडरल कायद्याने मना आहे. एक मर्यादा मात्र आहे, पैसा कुठे खर्च करायचा किंवा प्रचार कसा चालवायचा असल्या निर्णयांत तुम्हाला पडता येत नाही, तशी जबाबदारी कोणी द्यायला लागलं तर सरळ नाही म्हणा.