घरात मृत्यू, दारात पोलीस : वकीलताईंना विचारा

प्रश्न : नमस्कार वकीलताई. कॅलिफोर्नियातल्या एका उपनगरात आम्ही दोघे भाऊ जवळजवळ राहत होतो. धाकटा, वय ४१, एका संध्याकाळी बाथरूममध्ये कोसळला. वहिनीने ९११ ला फोन केला. पॅरामेडिक्सनी बरीच खटपट केली, मग तो गेल्याचं सांगितलं. मी पोहोचलो तोवर पोलिसांनी घराला पिवळी फीत लावली होती. वहिनी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये, एका पोलिसाच्या देखरेखीत. आमची आई, वय ६९, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली, तिला गस्तीच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं होतं. ते दार आतून उघडत नाही. तिला इंग्रजी येत नाही, काहीही विचारलं की ती ‘ओके, ओके’ म्हणत होती. मुलगा गेला हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची बीपीची गोळी घरात होती. ‘गोळी आणून देऊ द्या आणि तिच्याशी दोन शब्द बोलू द्या’ असं मी तीन वेळा विनवलं. ‘साक्षीदारांनी एकमेकांशी बोलायचं नाही’ एवढंच उत्तर. मी गाडीकडे चालू लागलो तर मला ड्राइव्हवेवर पाडून बेड्या घातल्या, मनगट अजून दुखतं. हे सगळं पाच तास चाललं. तेवढ्या वेळात त्यांनी कपाटं, ड्रॉवर उपसले, भावाचा लॅपटॉप नेला. कोरोनरचा (मृत्यूचं कारण तपासणारा सरकारी अधिकारी) अहवाल आला : महाधमनी फाटली होती, नैसर्गिक मृत्यू. कुणी साधं ‘सॉरी’ म्हटलं नाही. उलट माझ्या हातात कलम १४८ चं तिकीट, पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचं. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ओळखीचा एक जण म्हणतो, ‘गिल्टी म्हण, दंड भर, मोकळा हो.’ साडेचार महिने झाले. मी एच-वन-बी वर आहे. आई पुण्याला परत गेली. आम्हाला काही करता येईल का?
(नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती)

उत्तर : करता येईल. पण आधी कॅलेंडर काढा.

कॅलिफोर्नियात शहराकडून किंवा काउंटीकडून राज्याच्या कायद्याखाली भरपाई मागायची असेल, तर घटनेपासून सहा महिन्यांत त्यांच्याकडे लेखी ‘क्लेम’ दाखल करावा लागतो. तुमच्याकडे दीड महिना उरलाय. फॉर्म बहुतेक ठिकाणी शहराच्या क्लार्ककडे मिळतो. तुमचा, वहिनीचा आणि आईचा क्लेम वेगवेगळा भरा, कारण तिघांवर झालेला अन्याय वेगळा आहे. आईच्या वतीने तुम्ही सही करू शकता, त्यासाठी तिला विमानात बसवायची गरज नाही. शहराला उत्तर द्यायला ४५ दिवस असतात. लेखी नकार आला की तिथून सहा महिन्यांत राज्याच्या कायद्याखालचा दावा लावायचा. संघराज्याच्या नागरी हक्क कायद्याखालच्या दाव्याला, ज्याला इथले वकील ‘सेक्शन १९८३’ म्हणतात, कॅलिफोर्नियात दोन वर्षांची मुदत आहे आणि त्याला हा क्लेम लागत नाही. म्हणून काही जण निवांत राहतात आणि अर्धे हक्क घालवून बसतात. राज्याचा बेन ॲक्ट (धमकी किंवा बळाने हक्क हिरावल्यास दाद मागू देणारा कायदा), मारहाणीचा दावा, बेकायदा अडकवून ठेवल्याचा दावा हे सगळं त्या सहा महिन्यांवर लटकलेलं असतं. फौजदारी खटला प्रलंबित असताना दिवाणी दाव्याची मुदत थांबते, हे खरं. पण क्लेमची मुदत थांबत नाही. नेमक्या याच फटीत माणसं पडतात.

आता ते ‘ओळखीचे एक’. हे गृहस्थ प्रत्येक मराठी मंडळात असतात आणि त्यांचा सल्ला फुकट असतो. त्यांचं ऐकू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हेक विरुद्ध हम्फ्री या प्रकरणात ठरवलं की, ज्या दाव्यामुळे तुमची फौजदारी शिक्षाच चुकीची ठरेल असा नुकसानभरपाईचा दावा ती शिक्षा रद्द होईपर्यंत चालत नाही. तुम्ही १४८ खाली गुन्हा कबूल केलात, तर ‘मी अडथळा आणला आणि पोलिस तेव्हा कायदेशीर काम करत होते’ असं तुम्ही स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. मग बेड्यांबद्दल तक्रार करायला तोंड कुठे उरतं? फौजदारी वकील घ्या, आणि तो नागरी हक्कांच्या वकिलाशी बोलूनच पुढचं पाऊल टाकेल हे बघा. एच-वन-बी असल्यामुळे इमिग्रेशनच्या वकिलालाही एकदा कागद दाखवा. दिवाणी दावा लावल्याने व्हिसा जात नाही, पण गुन्ह्याची कबुली ही वेगळी गोष्ट आहे.

नागरिक नसल्याची भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. चौदावी घटनादुरुस्ती ‘व्यक्ती’ला संरक्षण देते, फक्त नागरिकाला नाही. १८८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी धोबीवाल्याच्या खटल्यात, यिक वो विरुद्ध हॉपकिन्समध्ये, हे ठरलंय. पर्यटक व्हिसावर आलेल्या तुमच्या आईलाही ते लागू आहे.

मुख्य प्रश्नाकडे वळते. पोलिसांचं वागणं अमानुष होतं, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. मला ते पटतं, पण न्यायालयात त्या शब्दाला किंमत नाही. उद्धटपणा, ‘सॉरी’ न म्हणणं, मृताचा चेहरा लगेच पाहू न देणं, यांवर दावा उभा राहत नाही. अचानक आणि डॉक्टर समोर नसताना झालेल्या मृत्यूची चौकशी कोरोनरने करायचीच असते, तेव्हा पोलीस येणं, घर काही वेळ बंद ठेवणं, शवविच्छेदन होणं हे कायद्यात बसतं. (शवविच्छेदनाला धार्मिक हरकत असेल तर मृताने स्वतः आधी दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. आपल्यातल्या किती जणांनी ते करून ठेवलंय?)

दावा उभा राहतो तो पाच तासांवर, गाडीच्या बंद दारावर, बेड्यांवर आणि उपसलेल्या कपाटांवर.

तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे तो सॅन दिएगो काउंटीविरुद्धचा, नवव्या सर्किटच्या (काही राज्यांचा मिळून एक न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने २०१२ साली दिलेला निकाल. कॅलिफोर्निया याच सर्किटमध्ये येतं. तिथे एका तरुण स्त्रीला नवऱ्याने गोळी घातली, नवरा स्वतः शेरीफचा डेप्युटी, म्हणजे काउंटीचा पोलीस. घरच्यांना वेगवेगळं करून पाच तासांहून अधिक अडकवून ठेवलं. मुलगी गेल्याचं वडिलांना कळलं. ते बायकोला सांगायला निघाले, तर त्यांच्यावर पेपर स्प्रे मारला, दांडका चालवला, बेड्या घातल्या. न्यायालय म्हणालं की हे लोक संशयित नव्हते, संशयित आधीच हाती लागला होता, आणि नुसत्या साक्षीदारांना इतके तास धरून ठेवणं चौथ्या घटनादुरुस्तीच्या (अवाजवी अटकाव आणि झडतीपासून संरक्षण) विरुद्ध आहे. अधिकाऱ्यांनी मागितलेलं संरक्षण नाकारलं गेलं.

त्या संरक्षणाबद्दल दोन शब्द, कारण निम्मी प्रकरणं तिथेच संपतात. त्याला ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ म्हणतात. अधिकाऱ्याने तुमचा हक्क मोडला एवढं दाखवून भागत नाही. असं वागणं बेकायदा आहे हे त्या वेळी आधीच्या निकालांतून स्पष्ट झालेलं होतं, हेही दाखवावं लागतं. युटाहमधल्या ओरेम शहराचं उदाहरण घ्या. पोलिसांच्या गोळीने तरुण मुलगा गेला आणि त्याच्या घरच्यांना सुमारे दीड तास वेगळं ठेवलं. दहाव्या सर्किटने २००६ साली मान्य केलं की हे घटनाबाह्य होतं, आणि त्याच निकालात म्हटलं की तेव्हा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. त्या मुद्द्यावर कुटुंबाच्या हाती काही लागलं नाही. मला स्वतःला हा नियम पटत नाही, पहिल्या कुटुंबाने हरायचं म्हणजे दुसऱ्याला जिंकता येतं, असं त्याचं रूप झालंय. पण तुम्ही दुसरं कुटुंब आहात, याचा फायदा घ्या.

पोलीस म्हणतील, इथे मृत्यूचं कारण माहीत नव्हतं, खून असू शकला असता. या युक्तिवादात थोडं वजन आहे. सॅन दिएगोत गुन्हेगार ठाऊक होता, तुमच्याकडे कारणच ठाऊक नव्हतं. पहिला पाऊण तास, कदाचित तासभर, न्यायालय त्यांना देईल. म्हणून तुमच्या वकिलाला घटना मिनिटामिनिटाला मांडावी लागेल : वहिनीचा जबाब कधी संपला, कोरोनरचा माणूस कधी आला, अंगावर जखमा नाहीत हे केव्हा कळलं, आणि त्यानंतरही आई गाडीत का होती. ९११ ची नोंद, डिस्पॅचचा लॉग, बॉडी कॅमेरा, शेजाऱ्यांचा डोअरबेल कॅमेरा यांतून हे निघेल. आजच पोलीस विभागाला आणि शहराच्या वकिलाला पत्र पाठवा की हे सगळं चित्रण जपून ठेवा. पुराव्यात न धरलेलं चित्रण काही विभाग दोन महिन्यांनी पुसतात. तुमच्या प्रकरणात बळाचा वापर आणि अटकाव असल्यामुळे ते जास्त काळ राहायला हवं, पण भरवशावर बसू नका. शेजाऱ्यांच्या दाराचा कॅमेरा मात्र कदाचित केव्हाच पुसला गेला असेल. आज संध्याकाळीच विचारा.

घराच्या झडतीचं. १९७८ साली मिन्सी विरुद्ध ॲरिझोनात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरात कुणी मेलं म्हणून वॉरंटशिवाय सगळं घर उपसता येत नाही. १९८४ साली थॉम्पसन विरुद्ध लुइझियानात तर दोन तासांची झडती अशीच चुकीची ठरली, आणि तिथे मदतीसाठी पोलिसांना घरच्या मुलीनेच बोलावलं होतं. जखमी कुणी आहे का, कुणी लपलंय का, एवढं फिरून पाहायची त्यांना मुभा. समोर दिसणारी वस्तू ते ताब्यात घेऊ शकतात. ड्रॉवर समोर दिसत नसतो. वॉरंट होतं का, ते विचारा. नसेल तर ते ‘संमती होती’ म्हणतील, आणि बोट आईच्या ‘ओके’कडे दाखवतील. संमती स्वेच्छेची होती हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर आहे. बंद गाडीत बसवलेल्या, भाषा न कळणाऱ्या ६९ वर्षांच्या बाईचं ‘ओके’ मला तरी उलटतपासणीत घ्यायला आवडेल. दुभाषा दिला नाही यावर मात्र वेगळा दावा फारसा टिकणार नाही. तो या मुद्द्याला आधार म्हणून वापरा. आईला आत्ताच पुण्यात, स्वतःच्या शब्दांत, जे आठवतं ते मराठीत सांगायला लावा, पण ते वकिलाच्या सांगण्यावरून आणि त्याच्यासाठी. मामा, मावशी आणि व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाही.

दावा कुणावर? ज्या अधिकाऱ्यांनी हे केलं त्यांच्यावर, नावानिशी. शहरावर सेक्शन १९८३ खाली थेट जायचं तर १९७८ च्या मोनेल निकालाप्रमाणे शहराचं धोरण, रूढ पद्धत किंवा प्रशिक्षणातली हेळसांड दाखवावी लागते. ‘साक्षीदारांना असंच वेगळं ठेवतो’ असं एखादा अधिकारी जबाबात म्हणाला, तर तुमचं काम सोपं होईल. पैशांची चिंता पहिल्या भेटीत सांगा. नागरी हक्कांचे वकील बहुधा मिळालेल्या रकमेतल्या टक्केवारीवर काम करतात, आणि जिंकल्यास सेक्शन १९८८ खाली न्यायालय वकिलाची फी समोरच्या बाजूकडून देववू शकतं. अंतर्गत तक्रारही करा, विभागाला ती घ्यावीच लागते आणि निर्णय लेखी कळवावा लागतो. पण १४८ चा निकाल लागेपर्यंत वकिलाशिवाय तिथे जबाब देऊ नका.

प्रश्न : माझी मामेबहीण लॉस एंजेलिसजवळ रस्त्यावरच्या अपघातात गेली. तिथल्या वर्दीतल्या कुणीतरी काढलेला मृतदेहाचा फोटो फिरत फिरत तिच्या शाळकरी मुलापर्यंत पोहोचला. हा गुन्हा आहे का?

उत्तर : कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून आहे. दंडसंहितेच्या ६४७.९ कलमाप्रमाणे घटनास्थळी गेलेल्या पोलिसाने, अग्निशमन कर्मचाऱ्याने किंवा पॅरामेडिकने सरकारी कामाखेरीज मृताचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, दंड हजार डॉलरपर्यंत. रक्कम वाचून हसू येईल. दिवाणी बाजू बघा. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ज्यात गेला त्या २६ जानेवारी २०२० च्या हेलिकॉप्टर अपघाताचे फोटो डेप्युटींनी आणि अग्निशमनवाल्यांनी आपसांत फिरवले, एकाने तर बारमध्ये दाखवले. ऑगस्ट २०२२ मध्ये ज्युरीने लॉस एंजेलिस काउंटीला ब्रायंट यांची पत्नी आणि आणखी एक कुटुंबप्रमुख यांना मिळून ३ कोटी १० लाख डॉलर द्यायला सांगितले. या हक्काची वाट २०१२ च्या मार्श विरुद्ध सॅन दिएगो काउंटी या निकालाने मोकळी केली होती. एका सरकारी वकिलाने लहान मुलाच्या शवविच्छेदनाचा फोटो स्वतःकडे ठेवला होता. आईला मृत मुलाच्या चित्रांवर ताबा ठेवण्याचा घटनात्मक हक्क आहे असं न्यायालय म्हणालं, पण त्या वकिलाची सुटका झाली, कारण तोवर तसं कुणी म्हटलेलं नव्हतं.

मुलाच्या फोनमधला तो फोटो पुसू नका, कितीही वाटलं तरी. फोन बंद करून वडिलांकडे ठेवा. तो कुणाकडून आला याची साखळी त्यातच आहे. शहर, काउंटी किंवा राज्य, जे असेल त्याच्याकडे सहा महिन्यांचा क्लेम इथेही लागू आहे.