सहा अक्षांचा सेन्सर: क्रॉसटॉक धातूत मारायचा की मॅट्रिक्समध्ये?

तुमची अडचण मला अशी समजली: रोबॉटच्या मनगटासाठी सहा अक्षांचा सेन्सर, म्हणजे तीन दिशांची बलं आणि तीन टॉर्क (पिळणारे भार) मोजणारा, बनवताय. मध्ये ठोकळा, त्यातून निघालेले क्रॉस आकाराचे चार दांडे, त्यांवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो, म्हणजे स्ट्रेन, मोजणारे चिकटवलेले तुकडे). पण झेड दिशेचं बल दिलं की एक्स आणि वाय टॉर्कचे ब्रिजही (गेज जोडून केलेली मोजणीची सर्किटं) हलतात, आणि आडवं बल दिलं की टॉर्क भलताच दिसतो. एका दिशेचा भार दुसऱ्या दिशेत असा गळण्यालाच क्रॉसटॉक म्हणतात. म्हणून आता एकतर प्रत्येक ब्रिज एकाच दिशेला बांधला जाईल अशी रचना शोधायची, नाहीतर एकदिशा लोड सेल (एकाच दिशेचं बल मोजणारे सेन्सर) एकमेकांवर रचायचे, असा तुमचा विचार आहे.

लोड सेलचा मनोरा आधी डोक्यातून काढा. उंची वाढते, ताठपणा जातो, वरच्या सेलवरचं आडवं बल खालच्या सेलवर टॉर्क होऊन बसतं, आणि बोल्टचा प्रत्येक सांधा थोडाथोडा सरकतो. सहा लोड सेलच वापरायचे असतील तर ते स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे सहा तिरप्या पायांवर उभ्या मंचाच्या, पायांत बसवा. स्ट्युअर्टने १९६५ मध्ये ही मांडणी फ्लाइट सिम्युलेटरसाठी सुचवली होती, पण ती उलटी वापरली की सेन्सर होतो. त्यात गंमत अशी की एकही पाय एका दिशेला बांधलेला नसतो. झेड-बल दिलं की सहाही पाय बोलतात, आणि तरीही सहा दिशा स्वच्छ वेगळ्या काढता येतात.

‘स्वतंत्र मोजणं’ म्हणजे दर ब्रिजने एकच दिशा ऐकणं नव्हे. सहा ब्रिजचे आकडे आणि सहा भार यांना जोडणारा ६ × ६ मॅट्रिक्स नीट उलटवता आला, की झालं. नीट म्हणजे त्याचा कंडिशन नंबर लहान हवा. मोठा असेल तर उलटवताना नॉइजही तेवढाच फुगतो. हा नंबर काढण्याआधी प्रत्येक अक्षाला त्याच्या पूर्ण क्षमतेने भागा. न्यूटन आणि न्यूटन-मीटर तसेच मिसळले तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

तुम्हाला दिसणारा आडव्या बलाचा टॉर्क बहुधा क्रॉसटॉक नाहीच. बल आणि टॉर्क यांच्यातल्या गळतीला न्यूटन-मीटर भागिले न्यूटन, म्हणजे लांबीचं एकक असतं. तुम्ही ५० न्यूटन दिलेत आणि ०.५ न्यूटन-मीटर ‘गळाला’, तर ते १० मिलिमीटर झाले. तुम्ही धरलेला मूळबिंदू आणि दांड्यांचा मध्य यांत उंचीचा तेवढाच फरक आहे का ते पाहा. असेल तर सेन्सर खरं सांगतोय, मूळबिंदू चुकलाय. हा तपास करण्याआधी दांड्यांना कानसही लावू नका.

झेड-बलाचं एक्स-टॉर्कमध्ये झिरपणं मात्र खरं आहे. टॉर्कचा ब्रिज समोरासमोरच्या दोन दांड्यांची वजाबाकी करतो. २० मिलिमीटरच्या पल्ल्यावर एक गेज अर्धा मिलिमीटर सरकला तरी त्याचा स्ट्रेन अडीच टक्क्यांनी बदलतो आणि वजाबाकी शून्य येत नाही. हाताने गेज चिकटवणाऱ्याला हे टाळता येत नाही. पण ही गळती भाराच्या प्रमाणात असते आणि रोज तेवढीच असते, त्यामुळे कॅलिब्रेशन मॅट्रिक्स (माहीत असलेले भार देऊन काढलेला वरचाच ६ × ६ मॅट्रिक्स) ती पूर्ण धुऊन काढतो. तिच्यासाठी रचना बदलणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

ज्या गोष्टी मॅट्रिक्सला आवरत नाहीत, त्यांच्यावर धातूत मेहनत करा. सर्वांत आधी सांधे. दांडे, मधला ठोकळा आणि बाहेरची कडी एकाच तुकड्यातून कापा. दांडे बोल्टने जोडले तर चढत्या आणि उतरत्या भाराला वेगळे आकडे मिळतील, आणि असा हिस्टेरिसिस कुठल्याही मॅट्रिक्सने जात नाही. सेन्सर ज्या पृष्ठभागावर कसाल तो सपाट आणि जाड हवा, नाहीतर बोल्ट आवळताच शून्य हलतं.

मग दांड्याचं बाहेरचं टोक. ते कडीला थेट जोडलं असेल तर एक्स दिशेचं बल आल्यावर एक्सच्या रेषेतले दोन दांडे लांबीच्या दिशेने भार घेतात. दांडा २० मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद असेल तर ही जोडी वाकणाऱ्या जोडीपेक्षा निदान चौपट ताठ असते. पाचातले चार भाग बल तीच गिळते आणि गेजपर्यंत उरलेलं पोचतं. म्हणून टोकाशी दांड्याला काटकोनात एक पातळ पट्टी ठेवतात. दांड्याच्या लांबीच्या दिशेने ती सहज वाकते, बाकी दोन दिशांना ताठ राहते. तुमच्या वर्णनात ही पट्टी कुठेच नाही, आणि मला खरी उणीव तीच वाटते.

आता मापं. वाकण्याचा ताण ६ × बल × लांबी ÷ (रुंदी × जाडी²); त्याला धातूच्या स्थितिस्थापकता गुणांकाने भागलं की स्ट्रेन. झेड दिशेला २०० न्यूटन म्हणजे दर दांड्याला ५०. ७०७५ अ‍ॅल्युमिनियम, लांबी २०, रुंदी १०, जाडी ४ मिलिमीटर धरली तर साधारण ५२० मायक्रोस्ट्रेन (लांबीत दशलक्षात ५२० भाग बदल) येतो. जाडी ३ केली की ९३०. चार सक्रिय गेजच्या पूर्ण ब्रिजला, गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट गेजचा रोध बदलतो तो आकडा) २ धरून, ब्रिजला दिलेल्या दर व्होल्टमागे जवळपास १.९ मिलिव्होल्ट मिळतात, ते भरपूर झाले. किंमत मात्र मोजावी लागते: ताठपणा जाडीच्या घनाने घटतो, म्हणजे ४२ टक्क्यांवर येतो, आणि नैसर्गिक वारंवारताही खाली येते. शिवाय हाच दांडा ५० न्यूटनने आडवा वाकवला तर जेमतेम २८० मायक्रोस्ट्रेन मिळतो. एका दिशेला तिप्पट संवेदनशील सेन्सर हवा नसेल तर रुंदी आणि जाडी एकत्रच ठरवा.

हत्याराची लांबी विसरू नका. सेन्सर २०० न्यूटन आणि ८ न्यूटन-मीटरचा असेल आणि हत्यार १०० मिलिमीटर पुढे आलेलं असेल, तर ८० न्यूटनलाच टॉर्कची हद्द गाठली जाते. बहुतेक सेन्सर टॉर्कनेच मोडतात.

तापमानाचं थोडक्यात: गेज त्याच धातूशी जुळवलेले घ्या. पोलादासाठीचा गेज अ‍ॅल्युमिनियमवर लावलात तर दर अंशाला दहा-बारा मायक्रोस्ट्रेन खोटा दिसतो. चारही गेज सारखेच तापले तर पूर्ण ब्रिज तो खोडतो, पण एका बाजूला मोटर तापत असेल तर नाही. ब्रिज एकामागून एक वाचू नका. भार बदलत असताना वाचनांतला वेळेचा फरकच क्रॉसटॉकसारखा दिसतो. एडीएस१३१एम०८ सारखी आठ चॅनेल एकदम वाचणारी चिप घ्या.

कॅलिब्रेशनला गणिताने सहा स्वतंत्र भार पुरतात, पण त्याच्या कितीतरी पट घ्या, चढते आणि उतरते दोन्ही, आणि लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणाऱ्या पद्धतीने) मॅट्रिक्स काढा. आडव्या बलासाठी कप्पीवरून दोरी नेण्यापेक्षा सेन्सरच ९० अंशांत उभा करून वजन सरळ टांगा. कप्पीचं घर्षण मॅट्रिक्समध्ये शिरलं की बाहेर निघत नाही. काही मिश्र भार, म्हणजे बल आणि टॉर्क एकत्र, मॅट्रिक्स काढताना बाजूला ठेवा आणि नंतर फक्त त्यांवर चूक तपासा. ज्या वाचनांवरून मॅट्रिक्स काढला त्यांच्यावरची चूक सगळ्यांचीच सुरेख दिसते.

पट्टी घालून नवा तुकडा कापण्याआधी आत्ताच्या सेन्सरचा ६ × ६ मॅट्रिक्स, मूळबिंदूची उंची आणि चढत्या-उतरत्या भाराचे आकडे द्या. त्यांवरून झेड-बलाची गळती गेजच्या जागेमुळे आहे की सांध्यांमुळे, ते सांगता येईल.