मांडवातली मगर, मोबाइलमधली मगर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळानं यंदा गणपतीत शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या मगरींचा देखावा करायचं ठरवलंय. निम्मे कार्यकर्ते म्हणतात, जबडा उघडझाप करणारी मोठी मगर ठेवू, गर्दी होईल. बाकीच्यांना ते पटत नाही. काय करावं?

उत्तर: बाकीच्यांचं ऐका. जबड्याला घाबरलेला माणूस ती भीती घरी घेऊन जातो, आणि नदीला पाणी चढून मगर सोसायटीत शिरली की त्याच भीतीपोटी दगड उचलतो. 2019 आणि 2024 च्या पुरात मगरी वस्तीत आल्या, हे तुमच्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय काठावर मगर तोंड वासून पडते ती बरेचदा अंगातली उष्णता कमी करायला. त्याला रागाचा अर्थ आपण लावतो.

देखाव्याला गोष्ट हवी, आणि पिल्लांची गोष्ट तयारच आहे. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत हात-दीड हात खोल खड्डा करते, साधारण 25 ते 30 अंडी घालते आणि तो बुजवते. पुढे दोनेक महिने तिथंच राखण. आतून पिल्लांचा आवाज आला की ती माती उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. बघणाऱ्याला वाटतं, खातेच आहे. मद्रास क्रोकोडाइल बँक या चेन्नईजवळच्या मगर-संवर्धन केंद्रात नर मगरही हे काम करताना नोंदवला गेलाय. तेव्हा जबडा दाखवाच, पण दातांच्या मध्ये पिल्लू ठेवून.

मगरीचा सांगाडा बांबूचा, वर कागदाचा लगदा. लांबी 8 ते 10 फूट पुरे. 20 फुटांची केली की बघणारा ती राक्षसाच्या खात्यात टाकतो. रंग मातकट राखाडी ठेवा, हिरवागार नको. मूर्तिकाराला इंटरनेटवरचं पहिलं चित्र देऊ नका, ते बरेचदा अमेरिकन ॲलिगेटरचं निघतं. ओळख सोपी आहे: आपल्या मगरीचं तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो, ॲलिगेटरचा दिसत नाही. घडियालचं लांब, चिंचोळं तोंडही इथं नको.

निवेदन तीन मिनिटांच्या आत संपवा; रांग त्याहून जास्त थांबत नाही. पुढे एक मोठा स्पीकर लावण्यापेक्षा आत दोन छोटे लावा, म्हणजे आरतीच्या आवाजात शब्द बुडणार नाहीत. फलकावर 30 ते 40 शब्द, अक्षर किमान एक इंच, मराठीच्या जोडीला गुजराती. खोडियार मातेचं वाहन मगर आहे, हे शहरातल्या गुजराती घरांना सांगावं लागत नाही. निवेदन तिथूनच सुरू करा. गजेंद्रमोक्षाचा प्रसंग टाळा, त्यात मगर खलनायक आहे. बाहेर पडायच्या वाटेवर एकच पाटी: मगर दिसली तर लांब राहा, गर्दी करू नका, वनविभागाला कळवा. त्याखाली नंबर. पाटी रंगवण्याआधी तो नंबर लावून बघा, बंद नंबराची पाटी पुरात घात करते.

प्रश्न: फतेगंजला शिकतो. पुलावरून मोबाइलवर मगरींचं चित्रण करून छोटी फिल्म करायचीय. पण मगर ठिपक्याएवढी दिसते आणि आवाजात नुसता वारा. (विद्यार्थी)

उत्तर: बोटांनी झूम करू नका, त्यानं चित्र फक्त ताणलं जातं. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तेवढंच वापरा. नाहीतर मगर लहानच राहू द्या आणि तिच्याभोवतीचा काठ, नाल्याचं तोंड, पलीकडच्या इमारती चौकटीत घ्या. लाखो लोकांच्या शहरात ती कशी जगते, हाच तुमचा विषय आहे आणि तो लांबच्या चौकटीतच दिसतो.

हिवाळ्यात मगरी उन्हाला येतात, तेव्हा जा. ऊन चढलं की गरम हवा थरथरते आणि लांबचं चित्र मऊ पडतं, म्हणून सकाळी मगर नुकती काठावर आलेली असतानाची वेळ गाठा. फोन कठड्यावर तांदळाच्या छोट्या पिशवीत रोवा. जड वाहन जाताना पूल हलतो, तेवढा वेळ थांबा. प्रत्येक शॉट किमान 10 सेकंद, फोन न फिरवता. ओली काळसर पाठ आणि चकाकतं पाणी एकत्र आलं की कॅमेरा गोंधळतो. मगरीवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. वेग सेकंदाला 25 फ्रेम ठेवा, म्हणजे रस्त्यावरचे दिवे लुकलुकणार नाहीत.

आवाज वेगळा घ्या. वाऱ्याच्या आडोशाला उभं राहून नदीचा नुसता आवाज दोन मिनिटं. निवेदन घरी, पंखा बंद करून, गाद्या-रजयांच्या खोलीत, माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. तीन मिनिटांच्या फिल्मला 250 शब्द पुष्कळ झाले. जे पडद्यावर दिसतंय ते बोलू नका. सबटायटल युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं तुटतात. दोन ओळींत अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात.

पिल्लं किंवा घरटं सापडलं तर जागा सांगू नका. फोटोत जागेची नोंद दडलेली असते, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती आधीच बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती नोंद सोबत जाते. मागचं मंदिर किंवा टाकी चौकटीत असेल तर सेटिंग बंद असूनही जागा उघड होते.

प्रश्न: चिकनचे तुकडे टाकले तर मगर जवळ येते म्हणतात. एका शॉटसाठी चालेल का?

उत्तर: नाही, एकदाही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणंही शिकारीच्या व्याख्येत बसतं. मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. त्याहून वाईट म्हणजे काठावर माणूस दिसला की खाणं मिळतं, हे ती शिकते. पुढच्या आठवड्यात त्याच जागी कपडे धुणारी बाई बसलेली असते.

प्रश्न: आमच्या मागच्या घळीत बांधकामाचा राडारोडा पडतो. तक्रारीला जोडलेले फोटो बघून ‘हे कधीचे, कुठले’ म्हणतात. (कारेलीबाग)

उत्तर: एकेकट्या फोटोला दाद मिळत नाही, जोडीला मिळते. एक पक्की जागा ठरवा: पुलाचा अमुक खांब, गच्चीचा कोपरा. दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास, त्याच वेळी, त्याच फोननं, झूम न करता फोटो घ्या. पहिल्या फोटोची छापील प्रत हातात धरा आणि न हलणाऱ्या दोन वस्तू, समजा विजेचा खांब आणि गच्चीची कड, तिच्याशी जुळवूनच बटण दाबा. ओळखीच्या उंचीचं काही चौकटीत असू द्या, म्हणजे भराव किती चढला ते मोजता येतं. मूळ फाइल कापू नका, उजळू नका, व्हॉट्सॲपवरून घेतलेली प्रत जोडू नका.

तक्रारीत एका कागदावर दोनच फोटो, खाली तारीख, वेळ, उभं राहण्याची जागा आणि दिशा. घळ बुजली की पुराचं पाणी वस्तीकडे वळतं आणि मगरीची पाणी ओसरेपर्यंत थांबायची जागाही जाते. हे दोन वाक्यांत लिहा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2021 मध्ये विश्वामित्रीच्या संवर्धनासाठी कृती आराखडा राबवायला सांगितलंय, त्याचा उल्लेख करा. प्रत महानगरपालिका आणि वनविभाग दोघांना द्या, पोच घ्या, आणि पुढच्या महिन्याचा फोटो त्याच पोचेच्या क्रमांकाखाली जोडा.