माथेरानला जुन्या बंगल्यात राहणं आईवडिलांना झेपेल का? आणि आसपास काय बघावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की सोबत आईवडील आणि सात वर्षांची मुलगी आहे, तीन रात्री हाताशी आहेत आणि हॉटेलपेक्षा ब्रिटिशांच्या काळातला एखादा बंगला बरा वाटतोय. झेपेल. फक्त बंगल्याचे फोटो बघत बसण्याआधी मालकाला एवढं विचारा, की बाजारापासून चालत किती वेळ लागतो.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. पहिल्या खेपेला ‘स्टेशनपासून जवळच’ या शब्दावर विसंबून पैसे भरले. दस्तुरी नाक्यावर गाडी लावली तेव्हा अंधार पडला होता. तिथून पुढे मोटारी जात नाहीत, आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरान स्टेशनला जाणारी छोट्या गाडीची शेवटची शटल निघून गेली होती. बॅगा हमालाच्या डोक्यावर, आमच्या हातात मोबाइलचा उजेड, पायाखाली तांबडी माती आणि सुटे दगड. बाजार आला तेव्हा हायसं वाटलं, तर हमाल म्हणाला, “अजून अर्धी वाट राहिली.” आई दोनदा कठड्यावर टेकली. बोलली काहीच नाही, आणि तेच जास्त लागलं. आता ई-रिक्षा आहेत, पण त्या तुमच्या फाटकापर्यंत येतील असं धरून चालू नका. दुपारी तीनच्या आत दस्तुरीला पोचा.

सकाळी मात्र आई सगळं विसरली, ते त्या व्हरांड्यामुळे. जुन्या बंगल्याचा जीव व्हरांड्यात असतो. आमच्याकडे तो तीन बाजूंनी होता, दहा माणसं आरामात जेवतील इतका रुंद, लांब हातांच्या आरामखुर्च्या मांडलेल्या. आतल्या खोल्या उंच आणि थोड्या अंधाऱ्या, स्वयंपाकघर मागे वेगळं. छपरावर पहाटे वानरांच्या उड्या सुरू होतात, गजराची गरज नाही. मुलीला शेकरू दाखवायचं असेल तर सकाळी तिथेच गप्प बसा. आणि पावाचा पुडा टेबलावर ठेवू नका, आमचा गेला.

सोयींचं म्हणाल, तर वीज जाते, गरम पाणी सांगून ठेवावं लागतं आणि जेवणाची ऑर्डर आदल्या संध्याकाळी द्यावी लागते. भाजी, दूध, सिलिंडर सगळं खालून येतं आणि दस्तुरीपासून पुढे घोड्यावर किंवा माणसाच्या जिवावर चढतं. इथलं सगळं महाग का, याचं उत्तर त्यातच आहे.

हे बंगले इथे आले कसे, तर मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाहून हा डोंगर चढले. त्यांना जागा आवडली आणि त्यांनी इथे घर बांधलं. मागोमाग इतर साहेब आले, मग मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेठ. नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली, तीही आदमजी पीरभॉय या बोहरी घराण्याच्या पैशातून. म्हणून बंगल्यांच्या फाटकांवरची नावं वाचत एक फेरी मारा, अर्धी जुनी मुंबई भेटते. पण गाव फक्त शेठ-साहेबांचं नाही. वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून इंग्रजांना जेरीस आणणारे हुतात्मा भाई कोतवाल १९१२ साली इथेच जन्मले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. मुलीला ही गोष्ट सांगाच.

आता फिरणं. घोडेवाले ‘तीन तासांत बारा पॉइंट’ असं काहीतरी सांगतील. त्यात दरी कमी आणि घोड्याची मान जास्त दिसते. वडिलांना चालवत नसेल तर एखाद्या लांबच्या पॉइंटपुरता घोडा घ्या, बाकी पायी. सकाळी शार्लोट तलाव आणि काठावरचं पिशारनाथाचं देऊळ. हे ग्रामदैवत आहे, आणि तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात पाय बुडवू नका. वाट जांभूळ-अंजनाच्या सावलीतून जाते, दमवत नाही. तिथून लुईझा पॉइंट जवळ. समोर प्रबळगड असा आडवा पसरलेला असतो की वडील किल्ल्यांचे शौकीन असतील तर तासभर हलणार नाहीत. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट, पण तिथे गर्दी असते. मला चौक पॉइंट जास्त आवडतो. दक्षिणेच्या टोकाला असल्यामुळे बहुतेक लोक तिथवर येतच नाहीत. पॅनोरमा पॉइंट उत्तरेला, बराच लांब. तो एकतर तुमच्यापुरता पहाटे उरका, नाहीतर सोडा.

छोटी गाडी नेरळहून पूर्ण करायची असेल तर २१ किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात. मुलीला मजा येईल, आईवडिलांची पाठ धरेल. मी असतो तर सगळ्यांना अमन लॉज ते माथेरान शटलने नेलं असतं आणि उतरताना फक्त मुलीला घेऊन पूर्ण गाडी केली असती. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज भाग बंद असतो, शटल चालू असते.

कधी जायचं ते तुम्ही लिहिलं नाहीये. पाऊस तुम्हाला कितीही आवडत असला तरी आईवडिलांना घेऊन जुलैत नको, त्या वाटांवर शेवाळ धरतं. डिसेंबर-जानेवारीत जा, सोमवार ते गुरुवार.