तुरुंगातल्या बी. ए.च्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान शिकवायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की तत्त्वज्ञानात एम. ए. झालंय, जवळच्या मध्यवर्ती कारागृहातल्या इग्नूच्या (मुक्त विद्यापीठाच्या) केंद्रावर शिकवायला विचारणा झालीय, तर जावं का आणि ‘त्या लोकांना’ नेमकं काय शिकवायचं. विदर्भातल्या एका कारागृहात मी काही वर्षं हेच करतोय, म्हणून उत्तर देतो.

जा. आणि अभ्यासक्रमात जे आहे तेच शिकवा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुरुंगात येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा कैद्यांना सुधारायला आलेला असतो. योग, ध्यान, कीर्तन, व्यसनमुक्ती, पश्चात्तापावरची व्याख्यानं, यातलं काहीच आत कमी नाही. तत्त्वज्ञानवाला आला की अधिकारीही म्हणतात, “सर, जरा चांगले विचार द्या त्यांना.” विनोबांचं उदाहरण तर लगेच निघतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. थोरच काम, पण त्या श्रोत्यांना ३० टक्क्यांची असाइनमेंट आणि ७० टक्क्यांचा पेपर नव्हता. तुमच्यासमोर परीक्षार्थी बसणार आहेत, आणि त्यांना विद्यार्थी म्हणून वागवणारी माणसं फार भेटत नाहीत.

सुरुवात न्यायदर्शनातल्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातल्या, अनुमानापासून करा: दिसतं त्यावरून न दिसणारं ओळखणं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. बाहेरच्या कॉलेजात हे वाक्य आलं की पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. आत लगेच मागून आवाज येतो, “धूर पाहिला हे ठीक आहे सर, आग कुणी पाहिली?” वर्गातल्या कित्येकांना परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा झालेली असते. स्वतःचं निकालपत्र त्यांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की अपिलाचा कच्चा मसुदा ते वकिलाआधी करतात. एकानं मला सारडा खटल्यातली सूत्रं तोंडपाठ म्हणून दाखवली. सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निकाल आहे. परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी ठरवायचं तर कोणत्या पाच अटी पुऱ्या व्हायला हव्यात ते त्यात सांगितलंय, आणि न्यायालयानंच त्यांना ‘पंचशील’ म्हटलंय. साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागा उरता कामा नये.

मी त्याच्या सूत्रांशेजारी फळ्यावर ‘व्याप्ती’ लिहिलं, म्हणजे खूण आणि तिच्यावरून ओळखायची गोष्ट यांचा कधीही न चुकणारा संबंध. धूर तिथं अग्नी, हे मान्य. पण अग्नी तिथं धूर, असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला जळण ओलं लागतं, आणि ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही. ‘मयताबरोबर आरोपीला शेवटचं पाहिलं’ हा सद्धेतू (खरं कारण) की हेत्वाभास (कारणासारखं दिसणारं, पण फसवं), यावर तासभर भांडण. सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजे दोषी नसलेल्यालाही लागू पडू शकणारं कारण, असा बहुमतानं निकाल लागला. मग चार्वाक घेतला. तो फक्त प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांसमोर दिसतं तेच, मानतो, अनुमान मानतच नाही म्हटल्यावर मंडळी खूश होतील असं मला वाटलं होतं. एक म्हातारा जन्मठेपवाला म्हणाला, “म्हणजे कुणी ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ म्हटलं की विषय संपला? असे पाहणारे आम्ही लई बघितलेत.” प्रत्यक्षाच्या प्रामाण्यावर (खरेपणावर) याहून नेमका आक्षेप मी कुठल्याच वर्गात ऐकलेला नाही.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका: स्वतःची केस उदाहरण म्हणून कुणीही द्यायची नाही. कच्च्या कैद्यांचे खटले चालू असतात आणि वर्गातलं बोलणं बराकीत पोचतं. तुम्हीही गुन्हा विचारू नका. घरी येऊन नावं गुगलवर टाकायचा मोह होईल, तोही आवरा. नाहीतर पुढच्या वेळी त्या माणसाची असाइनमेंट तपासताना तुमच्या डोक्यात भलतंच काही असेल.

शिक्षा आणि नीती हा विषय सुरुवातीला नको. ते आधी तुमचा अंदाज घेतात आणि तुम्हाला हवं ते उत्तर देतात. ओळख झाली की सॉक्रेटिस घ्या. त्याला मृत्युदंड झालेला असतो, आणि त्याचा मित्र क्रिटो त्याला पळवून न्यायला पहाटेच तुरुंगात येतो. पहारेकऱ्यावर क्रिटोचे उपकार असतात, म्हणून त्याला आत सोडलेलं असतं. इथं सगळा वर्ग हसतो, आणि दारातला शिपाई तिसरीकडेच बघत राहतो. ‘कायदा मोडून जाणं योग्य नाही’ हा सॉक्रेटिसचा युक्तिवाद ते मुकाट्यानं मान्य करत नाहीत. “सत्तरीचा माणूस पळून जाणार कुठं? पंचविशीतल्याला विचारा,” असं एक तरुण म्हणाला होता. वय झाल्याचं खुद्द सॉक्रेटिसही बोलतो, हे त्याला पान काढून दाखवलं तेव्हा तो आणखीच चिडला.

“हे लोक माफीसाठीच शिकतात” असं तुम्हाला बरेच जण सांगतील. महाराष्ट्रात पदवी मिळवली की शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते, हे खरं आहे. मिळू दे की. बाहेरची मुलं हजेरीसाठी येतात, त्यांना आपण कधी हेतू विचारतो?

बाकी अडचणी साध्या आहेत. मोबाइल गेटवर ठेवायचा, झडती द्यायची. इग्नूच्या पुस्तिका हिंदी-इंग्रजीत असतात आणि वर्गातले बरेचजण मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठी टिपणं तुम्हालाच काढावी लागतील. ती आधी अधीक्षकांना दाखवून घ्या. आत इंटरनेट नाही. दिलेलं पान झिजेपर्यंत वाचलं जातं आणि त्यातली चूक हमखास सापडते, तेव्हा तपासून द्या. कोर्टाची तारीख, दवाखाना, फर्लो (कैद्यांची रजा), बदली अशा कारणांनी दर वेळी निम्मे चेहरे वेगळे असतात. म्हणून प्रत्येक तास स्वतंत्र ठेवा, ‘मागच्या वेळी आपण पाहिलं’ अशी सुरुवात चालत नाही. वेळ सकाळची मागा, दुपारी बराकी बंद होतात. मानधनात प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ.