गुलमोहराचं सरपण, चेनसॉ आणि ऑक्टोबरचं ऊन

मुलुंडकर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जुलैच्या पावसात सोसायटीच्या आवारातला गुलमोहर आडवा झाला, पडताना त्याने आंब्याची एक जाड फांदी मोडली. महापालिकेच्या माणसांनी गाड्यांना वाट होईल एवढे तुकडे करून ओंडके कुंपणाकडे लोटले आणि आता कमिटी म्हणतेय, "न्या एकदाचे." मुरबाडच्या घरी चूल आहे, बंब आहे. तर ऑनलाइन मिळणारा आठ-दहा हजारांचा चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) घेऊन दिवाळीच्या सुट्टीत सगळं कापून टाकावं का?

कापा. पण दिवाळीची वाट बघू नका, आणि ते मशीन घेऊ नका.

आधी घाई कशाला ते सांगतो. आपल्याकडे सरपण वाळायचा खरा काळ म्हणजे ऑक्टोबरचं ऊन. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर जे तीन-चार आठवडे अंगाची लाही होते ते लाकडाला मानवतात. सालीसकट पडलेला अखंड ओंडका मात्र त्या उन्हातही फारसा वाळत नाही, कारण पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून, साल ते अडवून धरते. ओल्या लाकडात पाण्याचं वजन निम्म्याच्या आसपास असू शकतं. चुलीत नीट जळायला ओलावा २० टक्क्यांच्या खाली यावा लागतो, नाहीतर अर्धी आग पाणी उडवण्यातच जाते आणि उरलेला धूर स्वयंपाक करणारीच्या डोळ्यात. म्हणजे पाऊस थांबला की लगेच तुकडे करून फोडून रचलं, तर जानेवारीत हाताशी काहीतरी असेल. दिवाळीनंतर कापलंत तर पुढच्या वर्षीचं सरपण समजा.

त्यातही दोन्ही झाडं वेगळी. गुलमोहर हलका, भुसभुशीत. लवकर वाळतो, भरकन जळतो, निखारा टिकत नाही. पाणी तापवायला, चूल पेटवायला चालतो, भाकरीला नाही. आणि जमिनीला टेकून राहिला तर वाळवी आणि भुंगा त्याला तुमच्याआधी संपवतात. आंबा जड, निखारा बरा, पण मनगटापेक्षा जाड फोडी जानेवारीपर्यंत तयार होतील ही आशा सोडा. बाभूळ आणि सुरू या दोघांची सर कशालाच नाही, पण जे पडलंय ते पडलंय. आमच्या अलिबागकडे अजूनही सुरूचा ओंडका मिळाला की माणसं उगाच खूश होतात.

आता मशीन. स्वस्तातल्या जाहिरातींत २२ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि ५८ सीसीचं इंजिन असं ठळक लिहिलेलं असतं. नवख्याच्या हातात लांब बार म्हणजे लांब टोक, आणि सगळा धोका टोकाशीच असतो. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की मशीन उसळून थेट चेहऱ्याकडे येतं. त्याला कुठलीही चपळाई पुरत नाही, चेन जागच्या जागी थांबवणारा चेन ब्रेक नीट काम करत असेल तरच वाचाल. तुमच्या ओंडक्यांना १६ इंची बार भरपूर होतो. स्टिल किंवा हस्कवर्ना कंपनीचं छोटं मॉडेल घ्या, ज्याची चेन आणि सुटे भाग ठाण्या-कल्याणला मिळतील. पण खरं सांगू का, एका झाडासाठी मशीन घेऊच नका. झाडं छाटणारे लोक मशीनसकट दिवसाच्या मजुरीवर येतात. त्यांच्याकडून फूटभराचे तुकडे करून घ्या, फोडायचं काम तुम्ही करा.

तरीही घ्यायचंच म्हणत असाल तर पुढचं नीट वाचा.

पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल मिसळायचं असतं. चांगल्या ऑइलचं प्रमाण लिटरला २० मिली, साध्याचं ४० मिली, पण आधी मशीनचं पुस्तक बघा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते हवेतली ओल शोषतं. काम झालं की टाकी रिकामी करा आणि उरलेलं संपेपर्यंत मशीन चालू ठेवा. असं न केल्यास पुढच्या मोसमात दोरी ओढून खांदा जाईल आणि कार्ब्युरेटरचं रबर आधीच गेलेलं असेल. बारचं ऑइल वेगळं असतं. त्या टाकीत गाडीचं काळं जुनं ऑइल ओतणारे खूप आहेत, तुम्ही ओतू नका.

मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत बुटाचं टोक दाबून चालू करायचं. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढणारे व्हिडिओ बघू नका. पायात फ्लोटर नकोत, जाड बूट हवेत. जीन्स चेनला अडवत नाही. चेनसॉच्या खास पॅडच्या पँटमधले धागे चेनमध्ये गुंतून ती जाम करतात, ती पँट महाग आहे, पण मांडी त्याहून महाग. कानात बोळे हवेत, डोळ्यावर जाळी हवी. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, तेव्हा रविवारी दुपारी दोनला सुरू केलंत तर पहिल्या मजल्यावरच्या काकू काय म्हणतील ते मी सांगायला नको.

कापताना एकच गोष्ट आधी बघायची: ओंडक्याचा भार कुठे आहे. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल तर वरची बाजू दाबलेली असते. वरून एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून वर. एक टोक अधांतरी लोंबत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. हे चुकलं की काप मिटतो आणि बार आत अडकतो. मग लोक हिसके देतात. हिसके देऊ नका, मशीन बंद करा आणि कापात प्लास्टिकची पाचर ठोका. ओंडका जमिनीवर सपाट पडला असेल तर तीन-चतुर्थांश कापून थांबा, तो लोळवा आणि मग उरलेलं कापा. चेन एकदा मातीत घुसली की धार गेलीच. धार आहे का ते भुशावरून कळतं. जाड, सुट्या ढलप्या उडाल्या तर ठीक, पिठासारखं पडायला लागलं की थांबून गोल कानस काढायची. कानशीची जाडी चेनप्रमाणे बदलते, दुकानात चेनचा नंबर दाखवून घ्या.

मुंबईच्या झाडात आणखी एक गोम असते, ती वाडीतल्या झाडात सहसा नसते. खिळे. क्लासच्या जाहिराती, गणपतीच्या माळा, कपड्यांची दोरी, वर्षानुवर्षं ठोकलेलं सगळं साल वाढून आत गडप झालेलं असतं. कापलेल्या टोकावर निळसर-काळा, शाई सांडल्यासारखा पट्टा दिसला तर त्या रेषेत कुठेतरी लोखंड आहे. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो रंग होतो. तिथून वीतभर सरकून कापा. आंब्याच्या फांदीवर तर हे नक्की तपासा, कारण लोकांना दिव्यांच्या माळा बांधायला हातापुढची तीच सापडते.

फोडणं सकाळी करा. फोडीवर आधीच बारीक भेग दिसत असेल तर कुऱ्हाड तिथेच घालायची, गाठीवर नाही. गाठीचे तुकडे बाजूला ठेवा, ते शेकोटीला चालतात. बंबासाठी फोडी मनगटापेक्षा बारीक आणि वीतभर हव्यात, मधल्या नळीत वरून टाकायच्या असतात. चुलीला हातभर चालतील. रचताना खाली दोन विटा आणि त्यावर बांबू, भिंतीपासून थोडं अंतर, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने सगळीकडून गुंडाळलंत तर आत बुरशी येईल. वाळलंय का ते बघायला दोन फोडी एकमेकांवर आपटा. ओल्या असतील तर धप्प वाजतं, वाळलेल्या टणक वाजतात. टोकांना केंद्रातून बाहेर जाणाऱ्या भेगा पडल्या असतील तर अजून चांगलं.

कागदांचं थोडक्यात. पडलेलं झाड तुमचं, पण उभ्या झाडाच्या फांदीलाही हात लावायचा तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आडवा येतो. परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची, अर्ज मुलुंडच्या टी विभागाच्या उद्यान खात्यात. महापालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक, पडलेल्या झाडाचे फोटो आणि कमिटीचं पत्र टेम्पोत ठेवा, वाटेत कोणी विचारलं तर बोलायला तोंड राहील. आंब्याचं लाकूड न्यायचं तर निघायच्या आधी वन विभागाकडे एकदा विचारा. मुरबाडला बांधावर आंबा, ऐन किंवा जांभूळ उभा असेल तर "मशीन आहेच" म्हणून लावू नका. ती झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.

आणि हे सरपण मुंबईत जाळायचा विचार असेल तर सोडा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला मुदत दिली, आपण गच्चीवर शेकोटी लावायची म्हणजे कमालच. तशी गरजही नाही म्हणा. सांताक्रूझला ७.४ अंश उतरल्याची नोंद १९६२ च्या जानेवारीतली आहे, तेव्हापासून स्वेटर बहुतेक कपाटातच आहेत.

ढिगात कण्हेरीच्या फांद्या आल्या असतील तर त्या वेगळ्या काढा, लाकूडही विषारी आणि धूरही. सोसायट्यांच्या कुंपणाला कण्हेर हमखास असते. आंब्याच्या जाड ओंडक्याच्या कापलेल्या टोकाचा फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. मग फूटभराचे तुकडे करायचे की बंबाच्या मापाचे, ते ठरवू.