'प्रिव्ही कौन्सिल'ला मंत्रिमंडळ म्हणावे का?

विचारणा अशी आहे: पहिल्या एलिझाबेथ राणीवरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात पावलोपावली येणाऱ्या 'प्रिव्ही कौन्सिल'ला गुप्त परिषद म्हणावे, अष्टप्रधान मंडळ म्हणावे की सरळ मंत्रिमंडळ?

'गुप्त' आधी काढून टाका. कौन्सिलात कोण आहे हे उभ्या इंग्लंडला ठाऊक असे, हुकमांवर सभासदांच्या सह्या असत. इथल्या 'प्रिव्ही'चा अर्थ राजाच्या जवळचे, त्याच्या स्वतःचे. होळकरांकडे दौलत वेगळी आणि 'खासगी' वेगळी असे, त्यातल्या 'खासगी'च्या जवळ जाणारा.

अष्टप्रधान हा शब्द मोह पाडणारा खरा, पण आपल्या प्रधानांना नेमून दिलेली कामे होती. कौन्सिलात खजिनदार, आरमारप्रमुख असे हुद्देदार होते, तसे नुसते मर्जीतलेही होते, आणि बसल्यावर सगळेच सगळ्यात लक्ष घालत. धान्याची महागाई, चाच्यांची लूट, दोन सरदारांचे भांडण, काहीही पुढ्यात येई. संख्याही ठरलेली नव्हती. आधीची राणी, एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी, हिच्या कारकिर्दीत ती चाळिसाच्या वर गेली होती, एलिझाबेथने १५५८ मध्ये गादीवर येताच निम्म्यावर आणली.

माझा खरा आक्षेप 'मंत्रिमंडळा'ला आहे. हा शब्द वाचला की बहुमत, सामूहिक जबाबदारी, सभागृहाचा विश्वास हे सगळे मागोमाग डोक्यात येते. कौन्सिलचे काम सल्ला देण्याचे आणि झालेला हुकूम बजावण्याचे; निर्णय राणीचा. ती स्वतः बैठकीला क्वचितच बसे. सल्लागारांना एकेकटे बोलावून घेई आणि एकाचे दुसऱ्याशी ताडून बघे. सगळ्यांनी मिळून तिला न विचारता पाऊल उचलले, तेव्हा काय झाले ते बघा.

स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी (वरची मेरी वेगळी) १५६८ पासून इंग्लंडात कैदेत होती. तिच्या मृत्युदंडाच्या हुकमावर एलिझाबेथने १ फेब्रुवारी १५८७ रोजी सही केली. सेक्रेटरी विल्यम डेव्हिसनने त्यावर राजमुद्रा उठवून घेतली. दुसऱ्या दिवशी राणी म्हणू लागली, एवढी घाई कशाला? ही आता माघार घेणार, हे राणीचा मुख्य सल्लागार लॉर्ड बर्ली, म्हणजे विल्यम सेसिल, याने ओळखले. ३ तारखेला कौन्सिलर त्याच्या खोलीत जमले आणि राणीच्या कानावर न घालता हुकूम रवाना करायचे ठरले. ८ तारखेला फॉदरिंगे किल्ल्यात मेरीचे डोके उडाले. राणी भडकली. बर्लीसारख्या मुरलेल्या माणसाला काही काळ तोंड दाखवायची बंदी झाली. डेव्हिसन लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगात गेला आणि त्याला १०,००० मार्क दंड झाला. निर्णय सगळ्यांचा, मान मात्र एकट्या सेक्रेटरीची अडकली. (राणीला मनातून हेच हवे होते आणि नामानिराळेही राहायचे होते, असे मला वाटते.)

या सेक्रेटरीला 'सचिव' करू नका, वाचकाला मंत्रालय दिसेल. पत्रे उघडणारा, मसुदे लिहिणारा, कौन्सिलपुढे काय जायचे ते ठरवणारा आणि कागद घेऊन राणीपुढे उभा राहणारा माणूस म्हणजे आपला चिटणीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी अष्टप्रधानांत नव्हते, तरी त्यांचे वजन कुणी कमी लेखले नाही.

'कोर्ट'साठी दरबार ठीक आहे, पण भरवलेला दरबार नव्हे. राणी जिथे मुक्कामाला तिथे कोर्ट: व्हाइटहॉल, ग्रिनिच, रिचमंड, उन्हाळ्यात एखाद्या सरदाराचा वाडा. खरी उतरंड दालनांची होती. बाहेरच्या दालनात पुष्कळांना वाव असे, आतल्या खासगी दालनात मोजक्यांना, शयनगृहात फक्त सेवेतल्या स्त्रियांना. एलिझाबेथच्या पाळण्यापासून तिच्याजवळ असलेली ब्लँच पॅरी कौन्सिलात कधीच नव्हती, पण अर्ज राणीच्या हाती पडावा म्हणून लोक तिला गाठत. उलट राणीच्या मर्जीतला सरदार अर्ल ऑफ एसेक्स कौन्सिलर होता. सप्टेंबर १५९९ मध्ये आयर्लंडची मोहीम सोडून तो नॉनसच राजवाड्यात आला आणि चिखलाच्या कपड्यांनिशी थेट शयनगृहात घुसला. राणी नुकतीच उठली होती, केससुद्धा बांधलेले नव्हते. त्याच दिवशी त्याची उलटतपासणी सुरू झाली. पुढल्या वर्षी गोड दारूवरच्या जकातीचा मक्ता गेला, आणि फसलेल्या बंडानंतर १६०१ मध्ये डोके.

तेव्हा माझ्या मते पहिल्यांदा 'राणीचे खासगी सल्लागार मंडळ, म्हणजे प्रिव्ही कौन्सिल' असे लिहा आणि पुढे नुसते 'कौन्सिल' ठेवा. एक अडचण राहते. टिळकांच्या ताईमहाराज दत्तक प्रकरणाचा १९१५ चा निकाल ज्याने दिला, ते अपिलाचे न्यायालय म्हणूनच मराठी वाचक प्रिव्ही कौन्सिल ओळखतो. ती १८३३ मध्ये कायद्याने नेमलेली त्याच कौन्सिलची न्यायिक समिती होती. तेवढे एक वाक्य तळटीपेत टाका.